डलेस यांचा धर्म आणि अमेरिकेची नीती

२ डिसेंबर १९५५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी एक संयुक्त पत्रक प्रसिद्ध केले. पत्रक लहान होते आणि त्याचा रोख रशियाकडे होता. बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह त्या वेळी भारताच्या दौऱ्यावर होते व पोर्तुगीज वसाहतवादावर जाहीर टीका करीत होते. तिला उत्तर देताना या दोघा मंत्र्यांनी गोव्याची गणना पोर्तुगालच्या अतिपूर्वेकडील प्रांतांत केली. वसाहत नव्हे, प्रांत! सालाझार यांनी १९५१ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून आपल्या वसाहतींना सागरापलीकडील प्रांत असे नाव दिले होते. कागदावर उरकलेले हे बारसे अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी निमूटपणे मान्य केले. त्याआधी साडेतीन महिन्यांपूर्वी, १५ ऑगस्टला, गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या आणि अनेकांचे बळी घेतले होते. नानासाहेब गोरे, मधु लिमये पोर्तुगीजांच्या तुरुंगात होते. भारतात संतापाची लाट उसळली, नेहरूंच्या सरकारने निषेध नोंदवला. पण चार दिवसांनी पत्रकारांनी छेडले तेव्हाही डलेस मागे हटले नाहीत. गोवा चारशे वर्षे पोर्तुगालकडे आहे आणि जग त्याला पोर्तुगालचा प्रांतच समजते, असे सांगून त्यांनी जखमेवर मीठ चोळले.

हे अज्ञानातून घडले असे मानण्याचे कारण नाही. पोर्तुगाल नाटो संघटनेचा सभासद होता आणि ॲझोर्स बेटांवरील हवाई तळ अमेरिकेला हवा होता. पण केवळ तळाच्या हिशेबाने डलेस यांचा उलगडा होत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावरील कब्जेदाराचे नाव पाहून जमिनीचा निकाल लावणाऱ्या वकिलाची ती नजर होती. जमीन कसणारा कोण, ती त्याच्या हातून कशी गेली, हे प्रश्न उताऱ्यात येत नाहीत. आणि या वकिली नजरेच्या जोडीला एका पाद्र्याच्या घरात वाढलेल्या माणसाचा नैतिक आत्मविश्वास होता. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या, आणि तो माणूस जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या परराष्ट्र खात्यावर सहा वर्षे बसला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्कळ दुखणी तेथून सुरू होतात.

डलेस यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८८८ चा. वडील न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाऊन या गावी प्रेसबिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. वडिलांचे वडील तरुणपणी मिशनरी म्हणून मद्रासला येऊन राहिले होते. भारताशी या घराण्याचा पहिला संबंध असा होता, धर्म शिकवायला आलेल्या माणसाचा. आईच्या बाजूला वेगळाच वारसा होता. तिचे वडील जॉन फॉस्टर हे अध्यक्ष हॅरिसन यांचे परराष्ट्रमंत्री होते. १८९३ मध्ये अमेरिकन गोऱ्यांनी अमेरिकेच्या नौसैनिकांच्या पाठबळावर हवाई बेटांच्या राणीची सत्ता उलथून टाकली, तेव्हा ती बेटे अमेरिकेला जोडण्याचा करार घाईघाईने तयार करणारे हेच फॉस्टर. नव्या अध्यक्षांनी तो करार मागे घेतला, ही गोष्ट निराळी. मावशीचे यजमान रॉबर्ट लॅन्सिंग हे पुढे विल्सन यांचे परराष्ट्रमंत्री झाले. वॉटरटाऊनच्या घरात दररोज प्रार्थना होत, रविवारी दोन-तीन वेळा चर्चमध्ये जावे लागे आणि सुटीत आजोबांकडे राजदूतांच्या गप्पा ऐकायला मिळत. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना, १९०७ मध्ये, आजोबांनी त्याला हेगच्या शांतता परिषदेला नेले. चीनच्या शिष्टमंडळाचा चिटणीस म्हणून त्याने तेथे काम केले. ज्या देशाचे अस्तित्व पुढे मान्य करायला त्यांनी नकार दिला, त्याच देशाच्या सेवेत त्यांच्या मुत्सद्देगिरीची सुरुवात झाली होती.

प्रिन्स्टनचे शिक्षण, पॅरिसमध्ये काही काळ बर्गसाँ यांची व्याख्याने आणि मग कायद्याची पदवी, असे टप्पे ओलांडून डलेस १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या सलिव्हन अँड क्रॉमवेल या वकिली पेढीत दाखल झाले. तेथेही आजोबांचा शब्द उपयोगी पडला. ही पेढी साधी नव्हती. पनामा कालव्याच्या व्यवहारात तिचे प्रमुख क्रॉमवेल यांचा मोठा हात होता, आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील खाणी, रेल्वे व मळे चालवणाऱ्या कंपन्या तिच्या अशील होत्या. तेथे डलेस जे शिकले ते त्यांनी जन्मभर सोडले नाही. परदेशात गुंतवलेल्या भांडवलाला संरक्षण हवे, करार पवित्र असतो, आणि तो मोडणारे सरकार हे बेजबाबदार सरकार असते, ही ती शिकवण.

१९१९ च्या पॅरिस परिषदेत ते नुकसानभरपाईच्या समितीवर कायदेविषयक सल्लागार होते. व्हर्साय तहातील २३१ वे कलम ज्यांनी लिहिले त्यांत डलेस यांचा वाटा मोठा होता. या कलमाचा इतिहास विचित्र आहे. युद्धाची नैतिक व कायदेशीर जबाबदारी जर्मनीवर तत्त्वतः टाकायची, म्हणजे दोस्त राष्ट्रांतील लोक शांत होतील, आणि पुढच्याच कलमात प्रत्यक्ष भरपाई जर्मनीच्या ऐपतीपुरती मर्यादित करायची, असा तो वकिली तोडगा होता. वकिलाच्या दृष्टीने मसुदा चोख होता. परंतु सामान्य जर्मन माणसाने पुढचे कलम वाचलेच नाही. त्याने पहिले वाचले आणि तो अपमान मनात धरला. हिटलरने त्या अपमानाचे काय केले ते जगाने पाहिले. शब्द कायद्यात बसला की काम झाले, तो ज्याला उद्देशून आहे त्याच्या काळजाला कसा लागेल याचा विचार करण्याचे कारण नाही, ही डलेस यांची खोड इतकी जुनी आहे. गोव्याच्या पत्रकात तीच पुन्हा दिसली.

विशीच्या दशकात जर्मनीला अमेरिकन कर्जे मिळवून देण्याच्या व्यवहारांत त्यांच्या पेढीने अमाप पैसा मिळवला. १९२६ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते तिचे प्रमुख झाले. नाझी सत्तेवर आल्यानंतरही पेढीचे बर्लिनशी संबंध चालू राहिले. १९३५ मध्ये भागीदारांनी, त्यांत धाकटे बंधू ॲलन हेही होते, आग्रह धरला तेव्हा कुठे बर्लिनची कचेरी बंद झाली. सोविएत रशियाच्या बाबतीत पुढे जे नैतिक निकष त्यांनी लावले, ते जर्मनीच्या बाबतीत लावायला त्यांना सवड झाली नाही, असा निष्कर्ष काढणे भाग आहे.

तरीही त्यांचा धर्म हा दिखाऊ होता असे म्हणता येत नाही. १९३७ मध्ये ऑक्सफर्ड येथे भरलेल्या चर्चच्या जागतिक परिषदेनंतर ते बदलले. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट चर्चच्या महासंघाने न्याय्य व टिकाऊ शांततेसाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले, गावोगाव बोलले, जागतिक संघटनेच्या कल्पनेला त्यांनी लोकमत मिळवून दिले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडल्यावर अवघ्या काही दिवसांत, बिशप ऑक्सनॅम यांच्यासह, त्यांनी असे हल्ले थांबवावेत असे जाहीर आवाहन केले. ख्रिस्ती म्हणवणारे राष्ट्र हे शस्त्र निर्वेधपणे वापरू लागले तर इतरांना तोच कित्ता मिळेल, ही त्यांची भीती होती. साडेआठ वर्षांनी, १२ जानेवारी १९५४ रोजी, न्यूयॉर्कमधील भाषणात याच गृहस्थाने प्रचंड प्रतिटोल्याचा सिद्धांत मांडला. शत्रूने कोठेही आगळीक केली तर अमेरिका आपल्याला सोयीच्या ठिकाणी, सोयीच्या साधनांनी प्रतिटोला देईल, असा त्याचा आशय होता. ते साधन अण्वस्त्र आहे हे सांगण्याची गरज उरली नव्हती. दरम्यान रशियानेही बॉम्ब बनवला होता आणि कोरियात युद्ध होऊन गेले होते, हे खरे. पण एवढ्या स्थित्यंतरासाठी डलेस यांना आपल्या धर्मश्रद्धेत काहीच बदल करावा लागला नाही. सैतानाची जागा मॉस्कोने घेतली की बाकीचे आपोआप जुळून येत होते.

हा बदल १९४५ व १९४६ या दोन वर्षांत झाला. सॅन फ्रान्सिस्को आणि त्यानंतरच्या परिषदांत त्यांनी मोलोतोव्ह यांची अडवणूक पाहिली, स्टालिन यांचे लेखन बारकाईने वाचले आणि निदान ठरवून टाकले. जानेवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका भाषणात त्यांनी सांगितले की भारतात हिंदूंच्या हंगामी सरकारामार्फत सोविएत साम्यवादाचा मोठा प्रभाव पडत आहे. त्या सरकारात गृहखाते वल्लभभाई पटेल यांच्याकडे होते! कम्युनिस्ट तेव्हा काँग्रेसच्या बाहेर होते आणि त्यांच्या कार्यालयांवर छापे पडत होते. नेहरूंनी खेद व्यक्त केला. डलेस यांनी भारताविषयी काढलेले हे पहिले ठळक उद्गार होते, आणि त्यानंतरची पुष्कळशी मते याच पायावर उभी राहिली.

जपानबरोबरचा तह हे त्यांचे सर्वांत कसबी काम. ट्रुमन यांच्या डेमोक्रॅटिक सरकारने ते रिपब्लिकन डलेस यांच्यावर सोपवले, आणि एक वर्ष राजधान्यांमागून राजधान्या पालथ्या घालून त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यावर जपान धरून ४९ राष्ट्रांच्या सह्या मिळवल्या. व्हर्सायची चूक त्यांनी येथे टाळली. जितांवर दंडाचे ओझे लादले नाही. भारताने मात्र परिषदेला जाण्यास नकार दिला. अमेरिकन फौजा जपानात राहणार आणि ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात राहणार, हे स्वतंत्र राष्ट्राचे लक्षण नव्हे, असे दिल्लीचे म्हणणे होते. जून १९५२ मध्ये भारताने जपानशी वेगळा तह केला आणि नुकसानभरपाईचा हक्क सोडून दिला. आशियातील लोकांना काय वाटते हे डलेस यांना येथे कळण्याजोगे होते. पण सह्या न करणारा पक्षकार हा त्यांच्या लेखी खटल्याबाहेरचा होता.

जानेवारी १९५३ मध्ये आयसेनहॉवर यांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केले. पुढच्याच महिन्यात ॲलन डलेस सीआयए या गुप्तहेर यंत्रणेचे प्रमुख झाले. जाहीर मुत्सद्देगिरी थोरल्या भावाकडे आणि छुपे उद्योग धाकट्याकडे, अशी ही वाटणी अमेरिकेच्या इतिहासात पूर्वी झाली नव्हती. एका भावाच्या खात्यात दुसऱ्याच्या खात्याला अडवणारे कोणी उरले नाही. त्यातच मॅकार्थी यांचा धुमाकूळ चालू होता. आपल्या खात्यातील माणसांच्या मागे उभे राहण्याऐवजी डलेस यांनी ती लांडग्यांपुढे टाकली. जॉन कार्टर व्हिन्सेंट यांना निवृत्त व्हायला लावले, जॉन पॅटन डेव्हिस यांना नोव्हेंबर १९५४ मध्ये बडतर्फ केले. या लोकांचा गुन्हा एवढाच, की चँग कै-शेकची राजवट कोसळणार आणि कम्युनिस्ट जिंकणार असे त्यांनी चीनमधून वेळेवर कळवले होते. चीन जाणणारी माणसे अशी घालवल्यानंतर दहा वर्षांनी अमेरिका व्हिएतनाममध्ये उतरली, तेव्हा आशियाची खरी माहिती देणारे तिच्या परराष्ट्र खात्यात फार थोडे शिल्लक होते. कारकुनापासून राजदूतापर्यंत प्रत्येकाने धडा घेतला होता की वर जे ऐकायला आवडते तेच कळवावे.

इराणचा बळी पहिला. मोहम्मद मोसादेक यांनी १९५१ मध्ये ब्रिटिशांच्या मालकीच्या तेल कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. मोसादेक कम्युनिस्ट नव्हते. ते जुन्या सरदार घराण्यातले, युरोपात कायदा शिकलेले, संसद मानणारे वृद्ध गृहस्थ होते. ब्रिटनने त्यांना पदच्युत करण्याची योजना पुढे केली ती ट्रुमन यांच्या काळात नाकारली गेली. डलेस बंधूंच्या काळात ती स्वीकारली गेली. पटवून देण्यासाठी लंडनला तेलाचे नाव काढावे लागले नाही, साम्यवादाचे नाव पुरले. १९ ऑगस्ट १९५३ रोजी पैसे देऊन जमवलेले जमाव आणि लष्कराच्या तुकड्या यांच्या बळावर मोसादेक यांना हटवण्यात आले. तीन वर्षांचा तुरुंगवास भोगल्यावर १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते नजरकैदेत राहिले. १९५४ मध्ये तेलाची नवी व्यवस्था झाली तीत अमेरिकन कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला. ज्या ब्रिटिश कंपनीसाठी हे सारे केले, तिची मक्तेदारी गेली ती गेलीच. शहाला पुन्हा सिंहासनावर बसवणारे कोण हे तेहरानमधला पानपट्टीवालाही जाणत होता. १९७९ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली तेव्हा अमेरिकन जनता मात्र चकित होऊन विचारत होती की या लोकांचा आपल्यावर एवढा राग का.

ग्वातेमालाची कथा तर त्यांच्या जुन्या व्यवसायाला लागून आहे. या चिमुकल्या देशातील केळीचे मळे, रेल्वे आणि बंदर युनायटेड फ्रूट कंपनीच्या कह्यात होते, आणि सलिव्हन अँड क्रॉमवेलने या कंपनीचे काम केलेले होते. अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी १९५२ मध्ये जमीनसुधारणेचा कायदा करून पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायला घेतल्या. कंपनीच्या सुमारे दोन लाख एकर पडीक जमिनीसाठी सरकारने सव्वासहा लाख डॉलरांच्या आसपास भरपाई देऊ केली. हा आकडा सरकारने मनाने काढलेला नव्हता, कर वाचवण्यासाठी कंपनीने स्वतःच जमिनीची जी किंमत नोंदवली होती तीच ती. यावर कंपनीच्या वतीने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १ कोटी ५८ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मागितली. कूळकायद्याच्या काळातील जमीनदारांचे हिशेब ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हा डाव समजावून सांगायला नको. मार्च १९५४ मध्ये काराकासच्या परिषदेत डलेस यांनी साम्यवादाविरुद्धचा ठराव सतरा विरुद्ध एक मतांनी संमत करून घेतला. ते एक मत ग्वातेमालाचे होते. मेक्सिको व अर्जेंटिना तटस्थ राहिले. जूनमध्ये सीआयएने पोसलेली, पुरते पाचशेही सैनिक नसलेली एक टोळी सरहद्द ओलांडून आली. विमानांनी बॉम्ब टाकले, खोट्या आकाशवाणी केंद्राने प्रचंड सेना चालून येत असल्याची आवई उठवली आणि लष्कराने पाठ फिरवताच २७ जूनला आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला. डलेस यांचे सहकारी बेडेल स्मिथ हे पुढल्या वर्षी युनायटेड फ्रूटच्या संचालक मंडळावर गेले.

डलेस कंपनीच्या पैशासाठी हे करीत होते असे मानणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. आयसेनहॉवर यांच्याच सरकारने युनायटेड फ्रूटवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला होता. खरी अडचण अधिक खोल आहे. एका मोठ्या कंपनीचे हित, मालमत्तेचे पावित्र्य, ख्रिस्ती संस्कृती आणि स्वतंत्र जग या चार गोष्टी डलेस यांना वेगवेगळ्या दिसतच नव्हत्या. लाच खाणाऱ्याला निदान आपण लाच खातो हे ठाऊक असते. ग्वातेमालात १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे यादवी चालली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाठिंब्याने नेमलेल्या आयोगाने १९९९ मध्ये मृतांचा व बेपत्ता झालेल्यांचा आकडा दोन लाखांहून अधिक असल्याचा अंदाज दिला. त्यांतले बहुसंख्य माया आदिवासी होते. आर्बेन्झ यांच्या राजधानीत त्या १९५४ च्या जूनमध्ये एक तरुण अर्जेंटिनी डॉक्टर हे सर्व डोळ्यांनी पाहत होता. त्याचे नाव अर्नेस्तो गेव्हारा.

भारतीय उपखंडाचा अनुभव यापेक्षा सौम्य, पण दीर्घ. मे १९५३ मध्ये डलेस दिल्ली व कराची येथे येऊन गेले. दिल्लीत त्यांना शंका आणि प्रश्न भेटले, कराचीत होकार भेटला. नेहरू अडचणीचे वाटले, पाकिस्तानी सेनाधिकाऱ्यांची तडफ मनात भरली. १९ मे १९५४ रोजी पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार झाला, सप्टेंबरमध्ये मनिला येथे सीटो करार झाला आणि पुढल्या वर्षी बगदाद करार उभा राहिला. सीटो म्हणजे आग्नेय आशियाची संरक्षण संघटना, पण तिच्या आठ सभासदांत आग्नेय आशियातले देश दोनच, थायलंड व फिलिपीन्स. ही शस्त्रे भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन आयसेनहॉवर यांनी नेहरूंना फेब्रुवारी १९५४ मध्ये पत्राने दिले होते. १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या शेतांत पॅटन रणगाडे रुतले, तेव्हा त्या आश्वासनाची किंमत कळली. मार्च १९५६ मध्ये कराचीच्या सीटो बैठकीच्या पत्रकात काश्मीरचा उल्लेख घुसवण्यात आला, आणि लगेच डलेस दिल्लीला पाहुणचार घ्यायला आले. त्याच वर्षी जूनमध्ये आयोवा राज्यातील भाषणात, क्वचित अपवाद सोडता तटस्थता ही कालबाह्य आणि अनैतिक कल्पना आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. अमेरिका स्वतः दीडशे वर्षे युरोपातील भांडणांपासून कटाक्षाने अलिप्त राहिली होती, याची आठवण त्यांच्या श्रोत्यांपैकी किती जणांना झाली असेल?

पाकिस्तानचे याहून मोठे नुकसान झाले. अमेरिकन शस्त्रांनी आणि पैशाने तेथील लष्कर इतके पुष्ट झाले की मुलकी राज्यकर्ते त्याच्यापुढे खुजे ठरले. ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्कराने सत्ता घेतली.

१९५४ ची जिनिव्हा परिषद हा डलेस यांच्या ताठरपणाचा कळस. इंडोचायनाचा प्रश्न तेथे सुटत होता. चौ एन-लाय समोर बसले होते, कृष्ण मेनन निमंत्रण नसताना पडद्यामागे धावपळ करीत होते. डलेस काही दिवस थांबले आणि मे महिन्याच्या प्रारंभीच परतले. चौ यांच्याशी हस्तांदोलन करण्याचे त्यांनी टाळले ही गोष्ट जगभर झाली. १९७२ मध्ये पेकिंगच्या विमानतळावर निक्सन यांनी मुद्दाम हात पुढे केला तो हे स्मरूनच. जिनिव्हा करारावर अमेरिकेने सही केली नाही. जुलै १९५६ मध्ये दोन्ही व्हिएतनाममध्ये व्हायच्या निवडणुका दक्षिणेतील दिएम यांनी अमेरिकेच्या पाठिंब्याने होऊ दिल्या नाहीत, कारण हो चि मिन्ह निवडून येतील हे सर्वांना दिसत होते. दक्षिण व्हिएतनाम सीटोचे सभासद नव्हते, पण एका पुरवणी कलमाने त्याला कराराच्या छत्राखाली आणून ठेवलेले होते. दहा वर्षांनी जॉन्सन यांनी युद्धाचा अधिकार मागितला तेव्हा काँग्रेसच्या ठरावात याच सीटो कराराचा हवाला होता. मसुदा येथेही चोख होता. त्यावर ५८ हजारांहून अधिक अमेरिकन आणि दहा-वीस लाख तरी व्हिएतनामी मेले.

१९५६ च्या शरदात डलेस यांच्या नीतीची दोन्ही टोके एकाच आठवड्यात उघडी पडली. आस्वान धरणासाठी देऊ केलेली ५ कोटी ६० लाख डॉलरांची मदत त्यांनी १९ जुलैला तडकाफडकी मागे घेतली. नासेर यांनी झेक शस्त्रे घेतली होती व लाल चीनला मान्यता दिली होती, त्याची ही शिक्षा होती. आठवड्याच्या आत नासेर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. या वेळी मात्र डलेस यांचे कौतुक केले पाहिजे. आपल्याच दोस्तांविरुद्ध त्यांनी राष्ट्रसंघात उभे राहून युद्धबंदीचा ठराव मांडला आणि तो ६४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. कायदा सर्वांना सारखा, हे तत्त्व त्यांनी त्या रात्री खरोखर पाळले. दुसऱ्या दिवशी रात्री पोटात असह्य कळा आल्या, आणि शस्त्रक्रियेत कर्करोग निघाला. ते रुग्णालयात असतानाच रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. पूर्व युरोपच्या मुक्तीची भाषा १९५२ च्या निवडणुकीपासून रिपब्लिकन पक्षाने चालवली होती आणि तिचे मुख्य भाष्यकार डलेस होते. हंगेरीचे तरुण ती भाषा खरी मानून रस्त्यावर आले, आणि मुक्तिदात्यांनी निषेधाचे ठराव केले. या प्रकरणात भारताचीही अब्रू राहिली नाही. सुएझवर कडाडणाऱ्या दिल्लीला हंगेरीवर कंठ फुटायला फार वेळ लागला, आणि राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घ्याव्यात या मागणीविरुद्ध भारताने मत दिले. अलिप्तता निष्पक्षपाती नाही, हा डलेस यांचा आरोप त्या दिवशी नेहरूंच्या सरकारने स्वतःच सिद्ध करून दिला.

आजार अंगावर काढत ते आणखी दोन वर्षे फिरत राहिले. मंत्री म्हणून त्यांचा प्रवास साडेपाच लाख मैलांच्या आसपास भरतो. १९५८ मध्ये इंडोनेशियात सुकार्नोंविरुद्धच्या बंडाला दिलेली छुपी मदत एक अमेरिकन वैमानिक पकडला गेल्याने उघड झाली आणि फसली. लेबाननमध्ये फौजा उतरल्या, क्वेमॉय-मात्सूसाठी पुन्हा अण्वस्त्रांची भाषा झाली. एप्रिल १९५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि २४ मे रोजी ते वारले. जिनिव्हात चाललेली परराष्ट्रमंत्र्यांची परिषद थांबवून ग्रोमिको अंत्ययात्रेला वॉशिंग्टनला गेले. ज्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही असे डलेस सांगत आले, त्यांनी ही सभ्यता दाखवली.

आयसेनहॉवर यांची कागदपत्रे खुली झाल्यावर इतिहासकारांचे मत थोडे बदलले. गॉल्फ खेळणारे भोळे सेनापती आणि त्यांना हाताळणारे कावेबाज डलेस, हे चित्र खोटे ठरले. निर्णय अध्यक्षांचेच होते आणि कठोर शब्द बोलण्याचे काम त्यांनी डलेस यांच्याकडे दिले होते, असे आता बहुतेक मानतात. तसे असेल तर दोष एका माणसाचा राहत नाही. गोव्याच्या बाबतीत ते दिसूनही आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा डलेस हयात नव्हते, केनेडी यांचे उदारमतवादी सरकार होते, आणि सुरक्षा समितीत भारताला आक्रमक ठरवायला उभे राहिले ते डलेस यांचे जन्माचे टीकाकार ॲडले स्टीव्हन्सन. रशियाच्या नकाराधिकाराने तो ठराव पडला. माणूस बदलला, पक्ष बदलला, पण उताऱ्यावरचे नाव पाहण्याची रीत तीच राहिली.

वॉशिंग्टनच्या मोठ्या विमानतळाला डलेस यांचे नाव देण्यात आले. सीटो १९७७ मध्ये विसर्जित झाली, बगदाद कराराची वारस संघटना १९७९ मध्ये. कागदपत्रांचा प्रवास मात्र अधिक लांबला. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या कारभाराची कागदपत्रे खंडशः प्रसिद्ध करते. १९५० च्या दशकातील इराणविषयक खंड १९८९ मध्ये निघाला, त्यात सीआयएने केलेल्या उठावाचा पत्ताच नव्हता. इतिहासकारांनी इतका गदारोळ केला की १९९१ मध्ये अशा प्रकाशनांत लपवाछपवी होऊ नये म्हणून कायदा करावा लागला. ग्वातेमालाचा पुरवणी खंड २००३ मध्ये आला. इराणमधील उठावात आपला हात होता असे सीआयएने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या कागदांत मान्य केले, आणि परराष्ट्र खात्याचा सुधारित खंड जून २०१७ मध्ये, म्हणजे चौसष्ट वर्षांनी बाहेर पडला. उठावासंबंधीच्या अनेक मूळ तारा साठच्या दशकातच नष्ट करण्यात आल्या होत्या, आणि जो खंड निघाला त्यातही काही मजकूर गाळलेलाच आहे.